उलटा बसलेला बोरिंग बार

बाबा, तुमच्यावर इतका राग आला आहे की तुम्ही असते तर आज आपलं चांगलंच वाजलं असतं. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि तुम्ही लावलेली एक सवय काही माझ्या हातातून जात नाही. तिच्यापायी माझं अख्खं वर्कशॉप चार दिवसांपासून ठप्प आहे. कोणाला सांगू?

भद्रावतीच्या आपल्या शेडमध्ये तुमचं जुनं मिलिंग मशीन आता नाही. त्या जागी कॉम्प्युटरवर चालणारं आहे. लोखंड कापायची वीस टूलं एका चकतीत टांगलेली असतात. एकाचं काम झालं की मशीन ते स्वतः काढून ठेवतं आणि दुसरं घेतं. त्यासाठी स्पिंडल, म्हणजे टूल धरून फिरणारा तो दांडा, दर वेळी नेमक्या एकाच कोनात थांबतो. तुम्ही पाहिलं असतं तर आधी "काऊन बे, हात मोडले का तुमचे?" म्हणाले असते आणि मग तासभर तिथून हलले नसते.

तुमची शिस्त अशी की संध्याकाळी मशीन बंद करताना स्पिंडलमधलं टूल काढायचं, पुसायचं, तेलाचं फडकं फिरवायचं आणि सकाळी परत लावायचं. "रातभर तोंडात दातून धरून झोपते का कोणी?" हे तुमचं ठरलेलं वाक्य. एकदा मी टूल तसंच ठेवून चंद्रपूरला सिनेमा पाहायला निघालो होतो. बस लागलेली, मी खिडकीत बसलेलो, आणि तुम्ही खाली उभे राहून बोट नाचवता, "उतर." मुकाट्यानं उतरतो. शेडमध्ये येऊन टूल काढतो, पुसतो, तुम्ही फडक्याला बोट लावून तेल पाहता. मग स्कूटरला किक मारता आणि पार थेटरच्या दारात नेऊन सोडता. असं केल्यावर माणूस ती सवय सोडणार तरी कशी, सांगा ना!

नवं मशीन चालवणारी बाई चामोर्शीकडची आहे. इथं खोली घेऊन राहते. प्रोग्राम तीच बनवते, आणि माझ्यापेक्षा शंभरपट बरा बनवते. तिनं मला किती वेळा सांगितलं, "भाऊ, या मशीनचं टूल हातानं नका काढत जाऊ. त्याले जसं लावलं तसंच राहू द्या." मी म्हणायचो, आमच्या बाबांची शिस्त आहे. वा रे शिस्त!

मागच्या आठवड्यात ब्रह्मपुरीच्या एका राईस मिलचं काम आलं. बेअरिंग बसवायच्या लोखंडी घराची दोन भोकं आतून गुळगुळीत करायची होती. त्याला बोरिंग बार लागतो, आणि त्याला धार एकाच बाजूला असते. भोक झालं की स्पिंडल ठरलेल्या कोनात थांबतो, बार धारेच्या उलट बाजूला जरासा सरकतो आणि भिंतीला न लागता वर येतो. पण बार अर्धा फेरा फिरवून लावला तरी तो तितकाच घट्ट बसतो, आणि मशीनला ते कळत नाही. बाईनं एक भोक केलं, दुसऱ्याची तयारी करून बार स्पिंडलमध्ये तसाच ठेवला आणि ती घरी गेली. मी बटण दाबून तो काढला, पुसला, तेल लावलं. सकाळी ती यायच्या आत परत लावला.

तिनं मशीन सुरू केलं. भोक आरशासारखं झालं. मग स्पिंडल थांबला, बार सरकला तो सरळ भिंतीत, आणि वर येताना वरपासून खालपर्यंत ओरखडा काढून गेला. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

मी काय केलं? दोन कामगार समोर उभे, आणि मी तिच्यावर तुटून पडलो. "प्रोग्राममध्ये दिशा उलटी टाकली! डोळे कुठी होते तुमचे?" ती म्हणाली, "भाऊ, प्रोग्राम कालचाच हाय." मी ओरडलो, "मले शिकवू नका!" तिनं हात पुसले, डबा उचलला आणि निघून गेली.

दुपारी मी बार नीट पाहिला. धारेच्या बाजूला ती लाल रंगाचा ठिपका लावते, तो मशीनच्या दाराकडे दिसायला हवा. ठिपका मागच्या बाजूला होता.

लगेच फोन केला. म्हटलं, "बाई, चूक तुमची नाई. टूल मीच लावलं होतं."

"मले माहीत हाय. ठिपका पाह्यला ना मी."

"मग बोलल्या काऊन नाई?"

"तुम्ही बोलू देऊन राह्यले होते का? आता फोनवर नका सांगू, भाऊ. त्या दोघांसमोर बोलले, त्या दोघांसमोर सांगा. तुम्ही सांगितलं की मी आली समजा."

एवढंच तर मागितलं तिनं. पण रोज सकाळी मी त्या दोघांपुढे उभा राहतो आणि तेलाच्या डब्याबद्दल, लाइटबद्दल काहीतरी बोलून परत येतो. तिकडे मिलवाल्याचे फोनवर फोन. आज दुपारी ते दोघं जेवायला बसले होते, तेव्हा शेवटी धीर करून म्हटलं, "त्या दिवशी बाईची चूक नव्हती. आमच्या बाबांची टूल काढून ठेवायची पद्धत, त्याच्यानं झालं ते." दोघांनी माना डोलावल्या. गेलेल्या माणसाला कोण काय बोलणार?

त्यातल्या एकानं तिला कळवलं असावं. संध्याकाळी तिचा फोन आला. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, "तुमचे बाबा आले होते का भाऊ, टूल लावायले?"

बाबा, तुम्ही टूल पुसायला शिकवलं होतं, उलटं लावायला नाही. तो बार मी लावला, न पाहता लावला. तुम्हाला हे लिहिता आलं, कारण तुम्ही वाचणार नाही. उद्या आठ वाजता ते दोघं येतील, त्यांच्यासमोर हेच सांगायचं आहे, आणि मला त्यांची आत्तापासून भीती वाटते आहे.