इतर कामे

३ फेब्रुवारी, मंगळवार
रस्त्याच्या कामाचा महिन्याचा खर्चाचा अंदाज आज गेला. कुलथे साहेबांना सगळं एका पानात हवं होतं. म्हणाले, वरच्या ऑफिसात दुसरं पान कुणी उलटत नाही. ओळी जास्त होत होत्या. शेवटच्या बारीक ओळी एकत्र करून एकच ओळ केली : इतर कामे. तिच्यात मोऱ्या, गटारं, कठडे, फलक आणि आमच्या वाडीवरची भिंत. पान छान दिसलं, समास सारखे, खाली जागाही उरली. साहेबांनी पेन खिशाला लावताना मान हलवली. त्यांची शाबासकी एवढीच असते.
(पुढे इ.का. असंच लिहीन.)

६ फेब्रुवारी
वळणावर पुन्हा कातळ लागला. काम सुरू होण्याआधीच्या पाहणीत तिथे मुरूम लिहिलाय. पाहणीवाल्यांनी भोकं पाडली ती गाडी पोचते तिथे. गाडी न पोचणाऱ्या भागाचा अंदाज शेजारच्या भोकावरून. आता सुरुंग, परवानगी, वेळ, सगळंच वाढणार.

साहेबांची पद्धत अजून अंगवळणी पडत नाही. झालेला खर्च, अधिक उरलेल्या कामाचा अंदाज, बरोबर शेवटचा आकडा. शेवटच्या आकड्याला ते तळ म्हणतात. आधी तळ लिहायचा, मंजुरीत आहे तोच, आणि तिथून वर चढत जायचं. झालेला खर्च वाढला की उरलेल्याचा अंदाज तेवढाच उतरवायचा. काम होतं तेवढंच राहतं, फक्त दर महिन्याला स्वस्त होत जातं.

मी बारावीला गणितातच गेलो. पण हे नापासालाही कळतं.

१७ फेब्रुवारी
आज उशीर झाला म्हणून पर्यवेक्षक बोलला, नोकरी नको असेल तर सांग. हसू आलं. ही नोकरी मला नको असली तरी सोडता येणार नाही, कारण ती माझी नाहीच. वाडीची वरकस, म्हणजे डोंगरउताराची जमीन रस्त्यात गेली तेव्हा वाडीला पहारेकऱ्याच्या आणि झेंडेवाल्याच्या जागा मिळाल्या आणि ऑफिसातली एक. पहारेकऱ्यांच्या जागांना देवळात चिठ्ठ्या टाकल्या. ऑफिसातल्या जागेला टाकली नाही. तात्या, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, वाडीचे सगळे अर्ज हा लिहितो, एक काना चुकत नाही, हाच बसू दे. कुणी नाही म्हटलं नाही. तेव्हा फार बरं वाटलं होतं.

८ मार्च, रविवार
पालखी दारात आली. आईने ओटी भरली. ढोल थांबले की रस्त्यावरची मशीन ऐकू येत होती, रविवार असून.

पालखी पुढे गेल्यावर तात्या खांबाला टेकून बसले. विचारलं, भिंतीला हात कधी लावतात. मी म्हटलं, शेवटच्या कामांत आहे. ते म्हणाले, "शेवटी का होईना. देवासमोर बोललेत ते."

बोलले होते हे खरं. डोंगर कापायला वाडी तयार नव्हती, तेव्हा आधीचे साहेब देवळात आले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, साहेबांनी स्वतः नारळ फोडला आणि वाडीच्या वर भिंत बांधून देतो असा शब्द दिला. आमच्यात त्यानंतर कागद मागत नाहीत. मागणं म्हणजे देवावर अविश्वास. ते साहेब दिवाळीत बदलून गेले. कुलथे साहेबांना नारळाचं माहीत आहे का, मला माहीत नाही. मीही कधी...

३१ मार्च
सिमेंटचा दर वाढला. वळणावरच्या कातळाचा फरकही याच महिन्यात बसवायचा. साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. पुलाला हात लावता येत नाही, डांबराला नाही, बोट खाली खाली सरकत इ.का. वर थांबलं. "यात काय आहे?" मी एकेक सांगायला लागलो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोनवर बोलता बोलताच त्यांनी पेन्सिलीने नवा आकडा लिहिला. मी तो टाकला.

मागच्या महिन्यातही इ.का. मधूनच काढलं होतं.

१ एप्रिल
दुपारी डबा न खाता जुनं पान काढलं, ओळी एकत्र करण्याआधीचं. एकट्या भिंतीचा अंदाज आज राहिलेल्या सगळ्या इ.का. पेक्षा मोठा आहे. दोनदा पाहिलं. मोऱ्या, गटारं, कठडे सगळे शून्य धरले तरी भिंत त्यात मावत नाही.

भिंत रद्द करा असं कुणीच म्हणालेलं नाही. तसा निर्णयच नाही झालेला. ती नुसती संपली. तिची स्वतःची ओळ असती तर कुणाला तरी तिच्यावर रेघ मारावी लागली असती. तेवढ्यासाठी तरी कुणी विचारलं असतं.

२ एप्रिल
सुमनताईंनी चहा ठेवला. त्या खालच्या कोंडावरच्या, म्हणजे रस्त्याखालच्या वस्तीतल्या, ऑफिसचा चहा-जेवण बघतात. म्हणाल्या, चेहरा का असा, मुलगी नाय म्हणाली काय रे? मी म्हटलं, ॲसिडिटी.

६ एप्रिल, सोमवार
साहेबांना सांगितलं. सगळं, नारळासकट. वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत. नारळाचं त्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, खरा आकडा दाखवू या ना, सुधारित अंदाजपत्रक मागू या. साहेब बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "एकदा मागितलंय मी. दुसऱ्या घाटात. काम बंद झालं, चौकशी बसली. कापलेला डोंगर तसाच उघडा, पाऊस आला आणि गेला, तरी फाईल फिरतेच आहे. तुझ्या वाडीवर तसा उघडा डोंगर पाहिजे का तुला?"

त्यांनी चष्मा चढवला.

"तळ हलला की सगळं थांबतं. तळ जागेवर असेल तर निदान रस्ता पुरा होतो. मग भिंतीचं वेगळं टेंडर निघू शकतं." निघू शकतं, म्हणाले. निघेल नाही.

ते खोटं बोलत नव्हते. त्याचाच जास्त त्रास झाला.

१२ एप्रिल
वाडीच्या वर रस्त्यासाठी डोंगर कापलाय, सकाळी तात्यांबरोबर त्याच्याही वर गेलो. वरकसात एक चीर आहे, नाचणी लावायचो तिथे. आडवी, डोंगराला समांतर. बोट जात होतं. तात्यांनी दगड-माती ठासून भरली आणि वरून शेणकाला फिरवला, अंगण सारवावं तसा. म्हणाले, पुन्हा उघडली तर शेण फाटेल, कळेल. मग काठी टेकून खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. "मोठा झाला रे रस्ता. पोरं मुंबैसनं लवकर येतील." अभिमानाने म्हणाले. मी मान हलवली.

२१ एप्रिल
कामासाठी महाड. नकाशांच्या मोठ्या प्रती काढायच्या होत्या. दुकानात रांग, म्हणून डेपोच्या बाकावर बसलो. शाळेतला निलेश भेटला. पनवेलला गोदामात आहे. म्हणाला, तुझ्यासारखा नीट टायपिंगवाला आमच्याकडे हवाच आहे, उद्या ये. जाण्यासारखं आहे. एक बॅग, सकाळची गाडी. पण मी गेलो तर त्या खुर्चीत बाहेरचा कुणीतरी बसेल, आणि त्याला इ.का. म्हणजे फक्त इ.का.

आणि मला माहीत असून मी काय करतोय? तेच.

नकाशे घेतले. कोरी बाजू बाहेर ठेवून नीट गुंडाळले. निलेशला म्हटलं, कळवतो.

१० मे, रविवार
देवळात बैठक. मुंबईकर आलेत, सभामंडप भरला होता. विषय होते पालखीचा हिशेब, पाण्याची टाकी आणि पावसाळा. दर वर्षी जोराचा पाऊस लागला की पंचायतवाले दरडीच्या भीतीने शाळेत चला म्हणतात, आणि म्हातारी माणसं गुरं सोडून येत नाहीत. या वर्षी काय करायचं, पाऊस लागायच्या आधीच सगळ्यांनी गुरांसकट खाली जायचं का?

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "भिंत हाय ना रे कागदावर?"

सगळ्यांची तोंडं वळली. आई बायकांच्या बाजूला होती, तीही.

मी म्हटलं, "हाय."

खोटं नाही. इ.का. ही ओळ आहे, आणि तिच्या मागच्या जुन्या पानात भिंत आहे. असं स्वतःला येताना वाटेत समजावलं. माझा चुलतभाऊ विक्रोळीहून आलाय, त्याने पाठीवर थाप मारली. "टेन्शन नाय, अपना बंदा अंदर है." सगळे हसले. ठरलं की शाळेचं नंतर बघू, भिंतीचं काम कधी धरतात ते बघून.

आईने घरी विचारलं, घाम का आला होता तुला. म्हटलं, गर्दी.

१८ मे
जुन्या ओळी पुन्हा सुट्या केल्या. मोऱ्या वेगळ्या, गटारं वेगळी, भिंत वेगळी, तिच्या आजच्या दराने. तळ वर सरकला. कॉम्प्युटरने तो लाल केला, मी सांगितलं नव्हतं. अंदाज साहेबांपुढे ठेवला.

त्यांनी शांतपणे वाचला. म्हणाले, "ठीक. भिंत ठेव. पण तळ हलणार नाही. कुठून काढायचं ते तू सांग. मी तसंच लिहीन."

मी म्हटलं मी कसा सांगू.

"मी पण असाच बसतो दर महिन्याला," म्हणाले. यात टोमणा नव्हता.

पान घेऊन जागेवर आलो. हात लावता येण्यासारखी एकच मोठी ओळ उरते : खालच्या कोंडाची मोरी आणि गटार. मोरी नाही झाली तर वरचं सगळं पाणी भरावाला अडून त्यांच्या घरांकडे वळेल. सुमनताईंचं घर पहिलं.

चहा आला. घेतला नाही. "रागवलास काय माझ्यावं?" मी नाही म्हटलं. मग घेतला. साखर जास्त होती, त्या माझ्यात मुद्दाम जास्त घालतात.

१९ मे
कशेडीकडे ट्रक उलटला म्हणून रस्ता अडला, साहेब दुपारनंतर आले. तोवर पान उघडं ठेवून बसलो. मोरीचा आकडा खोडायला कर्सर तिथे नेला. परत आणला. भिंतीवर नेला. परत आणला. दोन्हीकडची माणसं ओळखीची आहेत. ओळखीची नसती तर हे झालं असतं माझ्याकडून, हेही कळलं. आत्तापर्यंत झालंच की.

२४ मे
शेणकाला फाटलाय. सरळ, मधोमध. तात्यांनी पुन्हा सारवला. उतरताना ते माझ्या खांद्याला धरून उतरले, एरवी धरत नाहीत.

२८ मे
मे महिन्याचा अंदाज उद्या जायचा. साहेबांनी विचारलं, ठरलं का. म्हटलं, उद्या सकाळी देतो.

२९ मे, शुक्रवार
मोरी ठेवली. भिंत ठेवली. कातळ आहे तसा लिहिला, सिमेंट आजच्या दराने. तळ शेवटी आला, वरून खाली बेरीज करत. पहिल्यांदाच. एका पानात मावलं नाही. छपाईतून दोन पानं आली, मी ती टाचली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी दुसरं पान उलटून बघितलं. सही केली नाही. फाडलंही नाही. म्हणाले, "काम थांबलं तर?"

मी म्हटलं, "साहेब, माहीत नाही."

ते म्हणाले, "मला माहीत आहे." पानं पालथी ठेवली, वर चष्म्याचं घर ठेवलं. पाच वाजेपर्यंत मेल गेला पाहिजे, एवढंच म्हणाले. कोणता, जुन्या पद्धतीचा की हा, ते नाही.

तेवढ्यात फाटकावरच्या पहारेकऱ्याचा निरोप आला, तात्या आलेत. पोलादपूरला बाजाराला आले होते, हातात मीठ आणि ताडपत्री. मी बाहेर गेलो तर उन्हातच उभे होते. म्हणाले, शाळेचं आज ठरवायचं, मुंबईकर परत चाललेत, सामान हलवायला त्यांचे हात हवेत. तू म्हणशील तसं करू.

"भिंत हाय ना?"

मागे खिडकीत साहेब दिसत होते, आमच्याकडेच बघत.

म्हटलं, "या पावसाळ्यात नाय. सामान आजच खाली न्या, गुरं पण. बाकीचं बसून सांगतो."

पहारेकऱ्याने खुर्ची सरकवली. तात्या बसले नाहीत.