उतारावरची कॅरव्हॅन

प्रिय क्रेग,

छप्पर गळतं म्हणून माझी कॅरव्हॅन विकली, असं मी तुला सांगितलं. छप्पर धड होतं.

जुलैत सुट्टीला डेव्हनला जाताना ते चाकांवरचं घर तुझ्या गाडीमागे जोडलेलं होतं, आणि मी माझ्या गाडीतून तुझ्या मागेच होतो. मोटरवेच्या उतारावर तू भरधाव एका लॉरीला मागे टाकलंस आणि कॅरव्हॅन शेपटीसारखी डोलू लागली. ती तुझ्या गाडीलाही हिसके देत होती, आणि गाडीत तुझी दोन्ही मुलं होती. मला प्रार्थनेचे शब्दसुद्धा आठवेनात.

पुढे चहाला थांबलो तेव्हा तुझी बायको जोआन मुलांना घट्ट धरून बसली होती. तू हसत म्हणालास, "दादा, डुलली तसा मी आणखी वेग दिला. झाली की नाही सरळ? तू ये मागून गोगलगायीसारखा."

ती सरळ झाली, कारण उतार संपला; वेगानं ती आणखीच डुलते. हे तुला किती वेळा समजावलं. आता थकलो रे.

हे पत्र पाठवलं तर मला दाखवून द्यायला म्हणून तू दुसरी कॅरव्हॅन घेशील. म्हणून ते इथंच माझ्या खणात राहील. छप्पर दुरुस्त करायचं सोडून कॅरव्हॅन विकली, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात मुलं मला चिक्कू काका म्हणतील. म्हणू देत. म्हणायला दोघं आहेत, हे देवाचे उपकार.

तुझा थोरला,
स्टुअर्ट