बुधवारची इन्स्पेक्टर

प्रिय ठमे,

तू इन्स्पेक्टर झालीस ती मालिका मी पहिल्या भागापासून पाहिली, एकही बुधवार न चुकवता. तुला खरं वाटणार नाही. ‘खोटी वर्दी घालून माझ्या दारात येऊ नकोस’ असं मीच म्हणालो होतो. तीन वर्षं तू आली नाहीस. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस.

मालिका चांगली आहे. घाई करत नाही. मेलेल्या माणसाच्या खोलीत शिरताना तू दारात क्षणभर थांबतेस, ते तुला कुणी शिकवलं? आम्हीही थांबायचो. पुरावे मात्र पोरखेळ. ठशांचा अहवाल तुम्हाला चहा निवायच्या आत मिळतो. मी जन्मभर भिंगातून बोटांचे ठसे जुळवले. एकेकाला आठवडा लागायचा. आणि खुनी दुसऱ्या भागातच कळतो, गरजेपेक्षा जास्त नम्र असतो तो. मी तसं बोललो की शेजारच्या वहिनी करवादतात, “भाऊजी, निवृत्त झालात ना? मग मला बघू द्या की.” त्यांच्या घरी टीव्ही आहे. तरी इथे येतात.

सवयीने माझं लक्ष हातांकडे जातं. नवव्या भागात तुझ्या अंगठ्याला पट्टी होती. खोलीत शिरताना होती, आत नव्हती, बाहेर पडताना पुन्हा होती. वहिनी म्हणाल्या, चुकले बघा. कथेत पट्टीला काही कारण नव्हतं, म्हणजे ती तुझी स्वतःची. भाजलं होतं की कापलं? तेव्हापासून मी खुनी सोडून चुकाच शोधत बसलो. संशयिताला दरडावताना तुला खोकला आला, तो कुणी लिहिलेला नसणार. कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलंय, वाळलीस. आणि एका प्रसंगात तुझ्या मनगटावर आईचं घड्याळ होतं. इन्स्पेक्टरबाईंचं घड्याळ वेगळं आहे.

काल शेवटचा भाग झाला. खुनी सापडला, तू टेबल आवरलंस आणि निघून गेलीस. शेवट नीट केलात, उगाच भाषण नाही. पुढच्या बुधवारी तिथे दुसरं काहीतरी लागेल. माझ्या नोकरीत माणसाला काही विचारावं लागत नसे; ठसा सांगायचा. घरातही मी तसाच वागलो, तुझ्या आईशी आणि तुझ्याशी. आता बघायला काही उरलं नाही, म्हणून विचारतो. कशी आहेस तू?

मानलंस तर तुझाच,
बाबा