बंड्याच्या वाटेचं दही

कळंब, गुरुवार, संध्याकाळ

आज परत तेच दही.

सकाळी ढोकीला निघालो तर आई वाटी घेऊन दारात उभी. घरातून कुणी बाहेरगावी निघालं की हातावर दही ठेवल्याशिवाय ती सोडत नाही. बंड्याला, कुत्रं असूनही, सोडलं नव्हतं. आईच्यानं त्याचं होईना म्हणून गेल्या महिन्यात मी त्याला दिल्लीला ताईकडं नेणार होतो. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, विमानात उपाशी न्या. आईला सांगितलं, तर म्हणाली, "लेकराला उपाशी कसं धाडू रे?" आणि वाटीभर दहीभात चारला. मी बघत उभा. का नाही हिसकावली वाटी?

विमानात त्याची बॅग माझ्या पायाशी होती. थोड्या वेळानं आतून उबळ आल्यासारखा आवाज आला. चेन उघडायला वाकलो, तर विमानातली मुलगी म्हणाली, "सर, बॅग बंदच ठेवायची." ठेवली. मग तो गप्प झाला. मला वाटलं, झोपला. बरंच वाटलं. शेजारचा माणूस म्हणाला, "लई शहाणं कुत्रं आहे तुमचं." दिल्लीत उतरून चेन उघडली. तोंडात, नाकात दहीभात. अंग गार पडलेलं.

आईला सांगायचं नाही, असं ताईचं आणि माझं ठरलं. ती हे सोसणार नाही.

आज हातावर दही ठेवताना म्हणाली, "खा. बंड्या बी ह्याच्यामुळंच सुखरूप पोचला बघ."

मी हात चाटून साफ केला.