मास्तरांचे पांढरे कपडे

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (खरोखर घालायचा म्हटला तरी आमच्या लाँड्रीच्या दुकानात इस्त्रीचं टेबल सोडून माणसाला आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींना झोप लागते का? तुमच्या रोपवाटिकेतली रोपं तरारली असतील, त्यांना काय, ती तुमच्या विहिरीचं पाणी पितात. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमची धाकटी बहीणही ठीक आहे. हातांना जरा खाज येते एवढंच, आणि माझ्याशी जेमतेम बोलते, म्हणजे एकूण तब्येत उत्तमच म्हणायची. फोन न करता पत्र लिहितो आहे याचं कारण असं की फोनवर ती शेजारी उभी राहून माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करते, आणि शेवटी मी सांगत असलेली गोष्ट माझीच आहे असं मलाही वाटेनासं होतं.

विनंती विशेष. आमच्या बोअरच्या पाण्याचं तुमच्या कानावर आलं असेलच. ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगशेठचा सूत रंगवायचा कारखाना आहे. (रंगशेठ मी पाठीमागे म्हणतो. समोर नुसतं शेठजी, तेही जरा वाकून.) पूर्वी ते रंगाचं पाणी गाळून सोडत. मग गाळायचं यंत्र बिघडलं, आणि यंत्र दुरुस्त करण्यापेक्षा ओढा स्वस्त पडतो हे त्यांच्या ध्यानात आलं. ओढ्यातून ते पाणी जमिनीत उतरलं आणि जमिनीतून आमच्याकडे. पेल्यात घेतलं तर दिसायला पाण्यासारखंच दिसतं, पण पांढरी चादर दोनदा त्यातून काढली की ती लाजल्यासारखी गुलाबी होते. नीळ देऊन पाहिली, तर जांभळी झाली. पहिल्यांदा नर्सिंग होमच्या मेट्रनबाईंनी गठ्ठा परत पाठवला. पेशंट विचारतात म्हणाल्या, हे आधीच्या कुणाचं रक्त आहे का. मग लॉजवाल्याने काम काढून घेतलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्याला समजावलं, पण त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाला आड दिसत नाही, चादर दिसते. बरोबरच आहे त्याचं.

तेवढ्यात निवडणूक लागली आणि आमच्या गल्लीला वाटलं, देव पावला. कारण या वेळी आमचे मास्तर उभे राहिले. शेजारच्या गल्लीत राहतात, गणित शिकवायचे, आपले कपडे स्वतः पिशवीतून घेऊन दुकानात येणारा माणूस. मी त्यांना गुलाबी चादर उलगडून दाखवली होती. ती त्यांनी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, निवडून आलो तर पहिलं काम हे. दादा, तेव्हा ते मनापासून बोलले होते, यावर मी अजूनही पैज लावायला तयार आहे. (पैजेला लावण्यासारखं आता घरात काही नाही, म्हणूनही असेल.)

प्रचार म्हटला की खर्च आला. मास्तरांच्या वतीने त्यांचे निधीप्रमुख दारोदार हिंडत होते. फूल ना फुलाची पाकळी म्हणून गल्लीत ज्याने त्याने जमेल ते दिलं. शिंप्याने झेंडे शिवून दिले, सायकल दुरुस्तीवाल्याने आपली भिंत दिली, तीवर मास्तरांचं तोंड इतकं मोठं रंगवलं की दुकानाचं दार त्यांच्या एका कानातून उघडायचं. माझ्याकडे रोकड नव्हती. मी म्हटलं, निवडणूक होईपर्यंत मास्तरांचे कपडे माझ्याकडे, धुलाई, खळ, इस्त्री सगळं माझ्यातर्फे. निधीप्रमुखांनी तत्परतेने पावती फाडली आणि छातीला लावायला एक बिल्ला दिला. तुमच्या बहिणीने तो बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, याने पाणी साफ होतं का. तेव्हा मला तो टोमणा वाटला.

आता खरी गंमत. (गंमत हा शब्द सवयीने लिहिला.) मास्तरांचे पहिले तीन जोड धुऊन वाळत घातले आणि संध्याकाळी पाहतो तर तिन्ही सदरे गुलाबी. आणि विरोधी उमेदवाराचा झेंडा कोणत्या रंगाचा असावा? उद्या मास्तर हे घालून मतं मागायला निघाले तर लोक म्हणतील, माणूस सकाळीच फुटला. तुमची बहीण म्हणाली, आहेत तसेच द्या. घालू देत, चार लोक विचारतील, त्यांना उत्तर द्यावं लागेल. इतकं सरळ तिला सुचलं आणि मला का सुचलं नाही, याचा विचार मी हल्ली इस्त्री करताना करतो. त्या वेळी मी तिच्यावरच ओरडलो. पांढरा कपडा रंगवून परत देणारा लाँड्रीवाला म्हणून नाव झालं तर काय करायचं? शिवाय आपला माणूस, आपला उमेदवार. मी लांबच्या वस्तीवरून टँकरने गोडं पाणी मागवलं आणि मास्तरांचे कपडे, फक्त मास्तरांचे, त्या पाण्यात धुऊ लागलो. चादरी गुलाबी, मास्तर पांढरे. असे पांढरे की लांबून आले तरी आधी सदरा दिसायचा, मागून मास्तर. लोक कौतुक करायचे, आणि मी मूर्ख प्रत्येकाला सांगत सुटलो होतो की आमच्याकडे धुतात म्हणून.

दरम्यान निवडणूक मोठी झाली. मास्तरांच्या ओसरीवर एक टेबल आणि दोन स्टूल एवढंच कार्यालय होतं, ते एके दिवशी हललं आणि चौकातल्या नव्या इमारतीत गेलं. गाड्या आल्या, पडद्यावर भाषणं दिसू लागली, पंखे तर असे की कागदावर वजन ठेवावं लागे. इमारत रंगशेठची, गाड्या रंगशेठच्या, पंखेही त्यांचेच. मला आधी बरं वाटलं, म्हटलं आता शेठ आणि मास्तर रोज समोरासमोर, आपलं काम सोपं झालं. त्या कार्यालयाला दोन दारं होती. पुढच्या दाराने आमच्यासारखे बिल्लेवाले आत जात आणि बाकावर बसत. मागचं दार जिन्याखालून होतं, तिथून शेठ चपला न काढता थेट मास्तरांच्या खोलीत. मी पाण्याचा विषय घेऊन किती वेळा त्या बाकावर बसलो असेन, मोजलं नाही. दर वेळी निधीप्रमुख प्रेमाने पाणी विचारत (बाटलीतलं), आणि मास्तर कामात आहेत म्हणून सांगत. तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती तुम्हीही गाठीला बांधून ठेवा. ज्याला पावती मिळते त्याला भेट मिळत नाही, आणि ज्याला भेट मिळते त्याला पावती घेतलीत का असं विचारायची कोणाची छाती होत नाही.

एकदा वैतागून मी शेठच्या मुनिमाला गाठलं. म्हटलं, शेठनी मास्तरांसाठी एवढं केलं, उद्या विरोधक निवडून आला तर? मुनीम माझ्याकडे दयेने पाहत राहिला. विरोधकाचं कार्यालयही शेठच्याच दुसऱ्या इमारतीत होतं आणि पंखेही त्याच कंपनीचे. तो म्हणाला, शेठ भेदभाव करत नाहीत. आम्ही गल्लीतली माणसं एकमेकांशी बोलायचं सोडून दोन झेंड्यांखाली भांडत होतो, शिंप्याने तर सख्ख्या साडूशी अबोला धरला होता, आणि शेठ दोन्हीकडून निवडून येत होते. ते स्वतः उभे नव्हते एवढाच काय तो फरक. मी घरी येऊन हे तुमच्या बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, टँकर बंद करा. मी केला नाही. इतकं पांढरं केल्यावर मध्येच कसं सोडणार?

शेवटच्या सभेचं लिहायचं म्हणजे हात जड होतो, पण लिहितो. मंडप भरलेला, मास्तर बोलायला उभे, व्यासपीठावरच त्यांच्या मागच्या रांगेत रंगशेठ. मेट्रनबाई मधूनच उठल्या आणि सरळ विचारलं, निवडून आलात तर ओढ्याच्या पाण्याचं काय करणार. मास्तर थांबले. हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. शेठ आपला चष्मा पुसत होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. करायची गरजच नव्हती, मंडपाच्या खांबापासून माईकपर्यंत सगळंच त्यांच्या बाजूने बोलत होतं. मास्तरांची नजर फिरत फिरत स्वतःच्या बाहीवर आली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाणी इतकं वाईट असतं, तर हे कपडे असे राहिले असते का?" ते म्हणाले. "आमचे लाँड्रीवाले बसलेत इथेच. त्यांनाच विचारा ना."

सगळा मंडप माझ्याकडे वळला. मेट्रनबाईंनी विचारलं, "काय हो, पाणी कसं आहे?"

दादा, सांगायचं सगळं तोंडाशी आलं होतं. टँकर, चादरी, तीन गुलाबी सदरे. पण ते सांगितलं असतं तर मास्तर चारचौघांत खोटे पडले असते, त्यातून मी शेठच्या माईकवर शेठचं नाव घेतलं असतं, आणि खरं सांगायचं तर छातीवर तो बिल्लाही होता. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "कपडे पांढरे आहेत." टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला तुमची बहीण बसली होती, तिने टाळी वाजवली नाही.

मास्तरांना ती चादर आठवत होती का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला वाटतं, आठवत होती. पण शेठचं ओझं डोक्यावर असलेल्या माणसाला एक सबब हवी होती, आणि ती मी धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून त्यांच्या अंगावर चढवली होती. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. शेठचे पैसे गेले ते मोटारीत आणि पंख्यांत. त्यांची बाजू मांडायचं काम मात्र मी फुकट केलं.

मास्तर निवडून आले. गुलाल इतका उधळला की एक दिवस सगळ्यांचेच कपडे आमच्या चादरींसारखे दिसत होते. पाण्याची तक्रार मेट्रनबाईंनी लेखी दिली, म्हणून मास्तरांनी लगेच पाणी समिती नेमली. (शब्द पाळला, असं त्यांचे लोक म्हणतात.) तिचे अध्यक्ष रंगशेठ, कारण रंगाची जाण त्यांच्याइतकी गावात कोणाला आहे? चोराच्या हाती किल्ल्या दिल्या तरी चोर निदान दिवसा जरा लाजतो, हे तर हार घालून बसले. समितीने आमची गल्ली पाहिली नाही. मास्तरांचा सदरा पाहिला, आणि पाणी उत्तम असल्याचं ठरवलं. लॉज आधीच गेलं होतं, मग नर्सिंग होम गेलं, घरगुती गिऱ्हाइकंही एकेक करून पांगली. आता आमच्याकडे एकच गिऱ्हाईक उरलं आहे, आणि ते फुकट आहे. निवडणुकीपुरतं म्हणालो होतो, पण निधीप्रमुखांनी ते कायमचं धरलं आहे आणि मला तोंड उघडता येत नाही. संध्याकाळी दुकानात बसलो की रिकाम्या दोऱ्या वाऱ्याने हलतात तेवढाच आवाज येतो, आणि मला रडू येतं. हे तुमच्याशिवाय कोणाला लिहिणार?

असो. फार पाल्हाळ झाला. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमचा लोभ आहेच, तो आमच्या बोअरमध्ये न मिसळता तसाच स्वच्छ राहावा.

आपला नम्र,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. पत्र ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतो आहे. तो परतताना रिकामाच येतो. तुमच्या विहिरीचं एक टाकीभर पाणी त्याच्याबरोबर पाठवता येईल का? टँकरवाला आता उधार देत नाही, आणि रविवारी मास्तरांचा सत्कार आहे. त्यांचा खास जोड गाठोड्यात तसाच पडून आहे. एवढं सगळं लिहून हेच मागतो आहे, हे मलाही दिसतं. पण आता कपडे गुलाबी निघाले तर लोक पाण्याला नाही, मला दोष देतील.

ता. क. २. सत्काराचा खर्च कोण करतो आहे, हे विचारू नये.

दादा, यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. खाज एवढंच नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी गेली आहे, म्हणून अक्षर असं वेडंवाकडं. पाणी पाठवू नकोस. सत्काराचा जोड मी सकाळीच बोअरच्या पाण्यात धुतला, दोनदा बुडवून. गाठोड्यात आता जुन्या चादरी आहेत, हे ते उघडून बघणार नाहीत. इस्त्री मी करीन आणि सत्काराच्या दिवशी अगदी निघायच्या वेळेला मीच नेऊन देईन, म्हणजे बदलायला दुसरा जोड नसेल. मास्तरांनी विचारलं तर सांगीन, पाणी उत्तम आहे, समितीने बघितलंय. त्यानंतर इथे राहता येईल असं वाटत नाही. तुझी मागची खोली तेवढी मोकळी करून ठेव. इस्त्रीचं टेबल मोठं आहे, दारातून तिरकं करून घ्यावं लागेल.