शिपाई फराजअल्ला यांच्या पणतीच्या ओळखपत्राबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
ओळखपत्र शाखा, जिल्हा कार्यालय,
किरांगा, केनिया.

विषय : कु. हवा रमझान फदलमुल्ला हिचे ओळखपत्र तिसऱ्यांदा नाकारल्याबद्दल. तसेच आपली गाडी एका सकाळपुरती हलवण्याबद्दल.

संदर्भ : आपले दि. ४ मार्चचे पत्र.

महोदय,

मी येथील मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. हवा माझी मुलगी. तिला परिचारिकेच्या शिक्षणासाठी जागा मिळाली आहे. महिनाअखेरपर्यंत ओळखपत्र दाखवले नाही, तर ती जागा दुसरीला जाईल. तिच्याच वर्गातली, आमच्या गल्लीपलीकडची एक मुलगी सकाळी आपल्याकडे आली आणि दुपारच्या जेवणाला पावती घेऊन घरी गेली. तिला पणजोबा विचारले नाहीत. आम्ही नुबी, म्हणजे सुदानी शिपायांचे वंशज, असल्यामुळे हवाला विचारले.

१. आपले पहिले कारण असे की, शिपाई फराजअल्ला मुरजान हे नाव हवाच्या नावात कोठेही येत नाही, सबब ते तिचे पणजोबा असल्याचे सिद्ध होत नाही. आमच्यात माणसाच्या नावापुढे बापाचे आणि आजोबांचे नाव लागते. पणजोबा गळून पडतात. हे मी आपल्या पडताळणी समितीला तीनही वेळा सांगितले. नववीच्या मुलींना ते एकदा सांगून पुरते. आपल्या दारावरील पाटीत मला आपल्या पणजोबांचे नाव आढळले नाही. तरीही मी आपल्या नागरिकत्वाची चौकशी मागितलेली नाही.

२. दुसरे कारण, फराजअल्ला सुदानात जन्मले, म्हणून आम्ही ‘मूळ देशाकडे’ विचारणा करावी. ते येथे हवा पालटायला आले नव्हते. इंग्रजांनी त्यांना पलटणीत भरती करून आणले, लढवले आणि पलटणीच्याच जमिनीवर वसवले. त्या जमिनीवर आज आपले कार्यालय आहे, आणि आपण बसता ते दालन पलटणीचे शस्त्रागार होते. चहाची झाडेही इंग्रजांनीच बाहेरून आणली. त्यांना परत जाण्यास कोणी सांगितल्याचे मला ठाऊक नाही. सुनावणी चालू असताना आपण तो चहा दोनदा घेतलात.

३. समितीपुढे माझ्या आत्तेसासूबाई बखिता आल्या होत्या. त्या फराजअल्लांची धाकटी मुलगी, आणि आज हयात असलेले त्यांचे एकमेव अपत्य. आपण विचारलेत, “आजीबाई, वडील इथंच वारले कशावरून?” त्या म्हणाल्या, “बाळा, मागं वळ आणि खिडकीतनं बघ. तिथं झोपलेत ते.” त्यावर समितीतील एक गृहस्थ म्हणाले, “मग मारा की हाक! आत येऊन सही करून जाऊ देत.” सगळे हसले. आपणही हसलात. खिडकीतून मात्र कोणी पाहिले नाही. पुढच्याच आठवड्यात ‘दफनस्थळाचा पुरावा सादर करावा’ असे पत्र आले.

४. तो पुरावा असा. आपल्या आवारात गाड्या लावण्याच्या जागेभोवती चुना लावलेले दगड आहेत. ते पलटणीच्या कबरींचे दगड होत. तेथे खडी पसरली तेव्हा ते उपटून कडेला शोभेसाठी लावण्यात आले. फराजअल्लांचा दगड तेवढा आंब्याच्या मुळांत अडकल्यामुळे जागचा हलला नाही. त्यावर पलटणीची खूण आणि त्यांचे पूर्ण नाव कोरलेले आहे. सावली असल्यामुळे आपण गाडी रोज तेथेच लावता, त्यामुळे अक्षरे झाकली जातात.

दर ईदच्या आधी आमच्या घरची माणसे येऊन या सर्व दगडांना चुना लावतात. रंगकाम फुकट होते म्हणून पहारेकरी अडवत नाही. गेल्या वर्षी याच पांढऱ्याशुभ्र दगडांचे कौतुक होऊन आपल्याला ‘स्वच्छ आवार’ स्पर्धेची ढाल मिळाली. ती आपल्या खुर्चीमागे टांगलेली आहे. ज्या कुटुंबाचा या जागेशी काही संबंध आपल्याला सापडला नाही, त्याच कुटुंबाने ती आपल्याला मिळवून दिली.

५. निघताना आपले कारकून म्हणाले, “मॅडम, तुम्ही तर सायन्सच्या. डीएनए करून आणा ना, मिटलं!” चाचणीसाठी दोन नमुने लागतात. हवा आणि बखिता रक्त देण्यास तयार आहेत, पण त्यातून त्या दोघींचेच नाते कळेल. ज्यांच्याशी ते जुळवायचे, ते आपल्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाखाली आहेत. कबर उकरण्यास आम्ही संमती देणार नाही. कारकुनांना हे समजावून सांगण्याचे काम मी आपल्यावर सोपवते. मी अपात्र विद्यार्थ्यांना शाळेच्या वेळेबाहेर शिकवत नाही.

तरी विनंती की, येत्या गुरुवारी सकाळी आपण गाडी आंब्याखालून काढावी. बखिता दगडाला चुना लावतील, मशिदीचे इमाम फातिहा म्हणतील आणि मी अक्षरे दिसतील असे छायाचित्र काढून त्याच वेळी आपल्या हाती देईन. आपण या वेळी खिडकीतून पाहावे. त्यानंतर हवाचे ओळखपत्र अडवायला आपल्याला नवे कारण शोधावे लागेल. तेवढी मेहनत आपण घ्याल असे आजवरच्या अनुभवावरून वाटत नाही.

गाडी नंतर कोठे लावावी, असे मी बखितांना विचारले. त्या म्हणाल्या, “तिथंच लावू दे त्याला. चोरीला नाही जायची. माझे बाबा पहाऱ्यावर आहेत.”

रीतीपुरती नम्र,

सकिना आदम बिलाल
(मरहूम रमझान फदलमुल्ला यांची पत्नी)
नुबी वस्ती, किरांगा
दि. १२ मार्च

सोबत :
१) हवाच्या प्रवेशपत्राची प्रत
२) आपल्या तीनही नकारांच्या प्रती
३) आवारातील गाड्यांच्या जागेचा नकाशा, आपल्या गाडीची जागा तांबड्या शाईने दाखवली आहे