तुमची जीप, माझे कान

तीर्थरूप मामंजी,

तुम्ही होतात तोवर तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना कशाला लिहितील? आज लिहायला बसले, कारण आज दुपारी घनसावंगीहून परत येताना मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला. ह्यांना, म्हणजे तुमच्या प्रकाशला, मी सांगून टाकलं, की तुम्हाला ऐकू येत नव्हतं.

लगेच रागावू नका. आधी सगळं वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

लग्न होऊन मी जालन्याहून आले, तेव्हा घरात तुम्ही, माझ्या सासूबाई म्हणजे आत्याबाई आणि ओट्यासमोर ताडपत्रीखाली ती हिरवी जीप. हे भोकरदनला शाळेवर, शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. तुम्ही आयुष्यभर कालव्याच्या खात्यात ड्रायव्हर. निवृत्त झालात आणि तसलीच एक जुनी, चारही चाकांनी ओढणारी जीप लिलावात घेऊन घरी आलात. आत्याबाई आठ दिवस तुमच्याशी बोलल्या नव्हत्या म्हणे.

सासऱ्यासमोर सुनेनं फार बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मी डोक्यावर पदर घेऊन हळूच म्हणायची, "मामंजी, ताट वाढलंय." तुम्ही उत्तरच द्यायचा नाहीत. मला वाटायचं, माणूस फार करडा आहे. एकदा तर चुलीपुढं बसून रडले होते. तुम्हाला माहीत होतं का हे? कसं माहीत असणार?

मग एकदा आत्याबाईंचं दम्याचं औषध आणायला आपण दोघं अंबडला निघालो. मी शेजारच्या सीटवर अंग चोरून बसलेली. वडीगोद्रीच्या अलीकडं तुम्ही अचानक, समोर बघतच विचारलंत, "काय ऐकू येऊन राह्यलं?"

मी घाबरले. म्हटलं, "काही न्हाई."

"नीट ऐक. अन् जोरात सांग."

मी ऐकलं. खालून, मागच्या बाजूनं, एक बारीक कुईं येत होतं. मी ओरडून सांगितलं.

"पाय दाबल्यावर येतं, का सोडल्यावर?"

तुम्ही अॅक्सिलरेटर दाबलात, सोडलात. सोडल्यावर जास्त येत होतं. तुमचा डावा पंजा पूर्ण वेळ गिअरच्या दांड्यावर, डोळे रस्त्यावर. मग तुम्ही मान हलवलीत. "मंग मागच्या हौसिंगमधलं तेल गेलं. दात कोरडे घासू लागले."

मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय. अंबडला खाली वाकून बघितलं, तर मागच्या दोन चाकांच्या मधल्या त्या लोखंडी गोळ्यावर तेल ओघळून धूळ चिकटलेली. मला आनंद झाला. शाळेत पहिला नंबर आल्यासारखा. येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात.

परतताना मागून एक ट्रक हॉर्न वाजवत आला. एकदा, दोनदा, पाच वेळा. तुम्ही बाजू देईनात. ट्रक अगदी मागे आला तेव्हा मी तुमची बाही ओढली. तुम्ही दचकून जीप कडेला घेतलीत. ट्रकवाला शिव्या देत गेला आणि त्या शिव्याही तुम्हाला ऐकू गेल्या नाहीत. तेव्हा मला कळलं. ताट वाढलंय, हे तुम्हाला वर्षभर ऐकूच गेलं नव्हतं.

तुम्ही जीप थांबवलीत. इंजिन बंद केलंत. मग म्हणालात, "कालव्यावर सुरुंग लावायचे. त्यात गेलं हळूहळू. पक्याला सांगू नको."

"का?"

"गाडी बंद करंल माझी."

मी मान हलवली. झालं. तेवढाच तो शब्द. त्याचं ओझं किती होईल, ते तेव्हा कुठं माहीत होतं?

त्यानंतर मी तुमच्याशी मोठ्यानं बोलायला लागले आणि आत्याबाई म्हणाल्या, सून शेफारली. पण जीपमधे कोण अडवणार होतं? इंजिनाच्या वर आवाज चढवूनच बोलावं लागतं. घरात आपण मुके, जीपमधे बसलो की तोंड उघडायचं. तुम्ही मला शिकवलंत, आवाज कुठून येतो ते कसं शोधायचं. क्लच दाबून बघ, गेला तर पुढचा, राहिला तर मागचा. न्यूट्रलला टाकून गाडी नुसती वाहू दे. मग वळणावर ऐक. मी ऐकून सांगायची आणि तुम्ही हाताला लागलेल्या थरथरीशी ते ताडून बघायचात. दोघांचं जुळलं, की बोनेटवर एक थाप.

पुढं तुम्ही मला चालवायलाच शिकवलंत. कालव्याच्या भरावावर, कुणी नसताना. गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. पारावर कुणीतरी तुम्हाला तोंडावर म्हणालं, सुनेला ड्रायव्हर करता का? तुम्ही हसून पुढं गेलात. मला आजही खात्री नाही, की तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीत, का तुम्हाला ऐकूच गेलं नाही.

ती पुढच्या चाकांची भानगड आठवते? मृग होऊन गेला होता, आपल्या गावचा रस्ता म्हणजे नुसता काळा चिखल, आणि आत्याबाईंचा दमा वाढलेला. तशात जीपची पुढची चाकं ओढेनाशी झाली. दांडा टाकला तरी मागचीच दोन फिरायची आणि रुतायची. तुम्ही ओट्यासमोर जीप गिअरमधे उभी केलीत, चारही चाकांचा दांडा टाकलात, पुढचं डावं चाक जॅकवर उचललंत आणि स्वतः खाली पोतं टाकून आडवे झालात. पुढच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टवर पंजा ठेवून ओरडलात, "फिरव चाक."

गिअरनं धरलेलं ते चाक फिरायला नको होतं, पण अलगद फिरलं.

"शाफ्ट गप हाये," खालून तुमचा आवाज. "म्हणजे वरचा गिअर बराबर हाये. मोडलंय ते चाकाकडं. पण कोणत्या?"

मी पुन्हा फिरवलं. कान लावला. डावं चाक मी फिरवत होते आणि कट कट मात्र पलीकडून, उजव्या चाकातून येत होतं. मी वाकून तुमच्या कानाशी ओरडले, "उजवं. फिरवते हे, वाजतंय ते."

तुम्ही तिथंच, चिखलात पडल्या पडल्या, हसलात. उजव्या चाकाच्या आतला जॉइंट तुटला होता. आतल्या आत तुकडे नुसते फिरत होते, जोर चाकापर्यंत पोचतच नव्हता. जालन्याच्या भंगारातून तुम्ही दुसरा आणलात. तो बसवताना माझी बांगडी फुटली आणि आत्याबाईंनी दोघांनाही फैलावर घेतलं.

त्याच आठवड्यात आत्याबाईंना श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. एसटी बंद, बैलगाडी फसलेली. तुम्ही त्यांना मागं बसवून धरलंत आणि जीप मी चालवली. पुढची चाकं चिखल कापत ओढत होती आणि तुम्ही मागून सारखं विचारत होतात, "ओढून राह्यली का? ओढून राह्यली का?" अंबडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. आत्याबाई अजून आहेत, मामंजी. अजून मला फैलावर घेतात. काल तर तुमचा जुना स्वेटर उशाला घेऊन झोपल्या होत्या.

आता ह्यांच्याबद्दल.

हे मुख्याध्यापक झाले, तो शनिवार तुम्हाला आठवणार नाही, कारण तुमच्या लेखी तो घडलाच नाही. हे भोकरदनहून धावत आले. तुम्ही ओट्यावर पाठमोरे बसून पाना पुसत होतात. हे मागं उभे राहून म्हणाले, "आबा, मी मुख्याध्यापक झालो." तुम्ही वळून बघितलंत आणि म्हणालात, "आलास का? बरं. विहिरीवरची मोटार बघून घे जरा."

ह्यांचा चेहरा मी दारातून बघितला. त्यानंतर ह्यांनी तुम्हाला स्वतःचं काही सांगणं सोडून दिलं. मला म्हणायचे, "ज्याला पाना धरता येत न्हाई, असा पोरगा त्यांना कशाला पाहिजे?" आणि मी शब्दानं बांधलेली. सोमवारी जीपमधे मी तुम्हाला ओरडून सांगितलं, तेव्हा तुमचा पाय अॅक्सिलरेटरवरून निघाला. जीप आचके देत थांबली. तुम्ही घनसावंगीच्या स्टँडवर पेढे घेतलेत आणि ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांना वाटलेत. कंडक्टरलासुद्धा. मी म्हटलं, ह्यांनाही सांगा की. तुम्ही म्हणालात, "आता कसं सांगू? तवा ऐकलं न्हाई म्हणून सांगावं लागंल."

का हो असं केलंत? एक वाक्य होतं. जीप बंद झाली असती तर झाली असती. मी चालवत होतेच की.

शेवटी जालन्याच्या दवाखान्यात हे रोज तुमच्या उशाशी बसायचे. काहीतरी बोलायचे, तुम्ही छताकडं बघायचात. एकदा तुम्ही खाटेच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "लाईट गेली वाटतं. जनरेटर लावला." सगळ्यांना वाटलं, भ्रम झालाय. मी बाहेर जाऊन बघितलं. खरंच जनरेटर सुरू झाला होता. मी एकटीच हसले, आणि मग जिन्यात बसून रडले.

तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. जीप मीच चालवते. ह्यांची बदली आता घनसावंगीला झालीय, कधी कधी माझ्याबरोबर येतात. आज आले होते. येताना पुढून गुरगुर ऐकू आली. क्लच दाबला, तरी होती. न्यूट्रलला टाकलं, तरी होती. डावीकडं वळलं की वाढायची. आणि मी, काय करतेय ते कळायच्या आत, ह्यांचा हात धरून गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि जोरात ओरडले, "मामंजी, उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं वाटतं."

हे माझ्याकडं बघतच राहिले. "माझा हात कशाला धरलास? अन् एवढी ओरडतेस का?"

मी जीप कालव्याच्या पुलाशी थांबवली. आणि सांगितलं. सुरुंगापासून सगळं.

हे सीटवर माझ्याकडं वळून बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी त्यांना ऐकूच गेलं न्हवतं?"

"न्हाई."

"अन् नंतर कळलं तेव्हा?"

मी पेढ्यांचं सांगितलं. कंडक्टरचंही. हे खाली उतरले आणि पुलाच्या कठड्याला धरून पाठमोरे उभे राहिले. मी गेले नाही जवळ. परत आले तेव्हा डोळे लाल होते. दार लावून म्हणाले, "अजून काय काय म्हणायचे ते माझ्याबद्दल?"

"लई आहे."

"सांग."

घर जवळ आलं होतं, त्यामुळे थोडंच सांगून झालं. मामंजी, तुमची आठवण मला रोज येते, पण आज पहिल्यांदा ती मी कुणाबरोबर तरी वाटून घेतली. शब्द मोडल्याची माफी मी मागणार नाही. त्याऐवजी दुसरा शब्द देते. त्या जीपमधे तुम्ही ह्यांच्याबद्दल जे जे बोललात, ते सगळं मी ह्यांना सांगेन. लहानपणी ताप आला तेव्हा तुम्ही ह्यांना खांद्यावर घेऊन कालव्याच्या कडेनं किती चाललात तेही, ह्यांचं अक्षर तुम्ही लोकांना कसं दाखवायचात तेही. एकही गोष्ट गाळणार नाही. गाढव म्हणायचात, ते तर सगळ्यात आधी.

तुमची सून,
सुनंदा